२५२० चे श्रेय रामानुजनांना देऊ नका

व्हॉट्सॲपच्या गटांमधून एक संदेश सतत फिरत असतो. मजकूर साधारण असा: १ ते १० या सर्वांनी नि:शेष भाग जाणारी जगातली एकमेव संख्या म्हणजे २५२०. आठवड्याचे ७ दिवस, महिन्याचे ३० दिवस आणि वर्षाचे १२ महिने यांचा गुणाकार हे तिचे रहस्य. भल्याभल्या गणितज्ञांना न सापडलेली ही संख्या रामानुजनांनी शोधली.

भाग जातो आणि गुणाकारही बरोबर आहे. बाकीचे टिकत नाही.

‘एकमेव’ तर मुळीच नाही. ५०४० घ्या, ७५६० घ्या; २५२० च्या कुठल्याही पटीला १ ते १० ने भाग जातो आणि या पटींना अंत नाही. २५२० ही त्यांतली सर्वांत लहान, म्हणजे शाळेत शिकलेला लसावि. ५, ७, ८ आणि ९ यांचा गुणाकार केला की ती मिळते, कारण २, ४, ३, ६ आणि १० यांची सोय त्यातच होते. १ ते २० चा लसावि हवा असेल तर तो २३,२७,९२,५६०.

दिनदर्शिकेचा संबंध ओढूनताणून आणलेला आहे. ७×३०×१२ मध्ये तेच मूळ अवयव येतात, इतकेच. ३० दिवसांचे १२ महिने म्हणजे ३६० दिवस. आपले वर्ष ३६५ चे, आणि ३६५ ला ७ ने भागही जात नाही.

शोधाचा दावा मला सर्वांत जास्त खटकतो. लसावि काढण्याची रीत ग्रीक गणिती युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास दिली. आपल्याकडे नवव्या शतकात जैन गणिती महावीराचार्यांनी दिली. ५०४० ला १ ते १० ने भाग जातो, हे तर युक्लिडच्याही आधी ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने लिहून ठेवले आहे.

रामानुजनांचा २५२० शी खरा संबंध वेगळा आहे आणि कितीतरी खोल आहे. आपल्यापेक्षा लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्या कोणत्या, असा प्रश्न घेऊन त्यांनी १९१५ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात दीर्घ निबंध लिहिला. २५२० त्यांपैकीच एक: तिचे विभाजक ४८, तिच्याहून लहान कुठल्याही संख्येचे ४० हून जास्त नाहीत. अशा संख्येचे मूळ अवयव पाडले, तर लहान मूळ संख्येचा घातांक मोठीच्या घातांकापेक्षा कधीच कमी नसतो. आणि ४ व ३६ सोडल्यास शेवटच्या मूळ संख्येचा घातांक १ च असतो, हे त्यांनी सिद्ध केले. याच कामावर १९१६ मध्ये केंब्रिजने त्यांना पदवी दिली. हे सगळे झाकून त्यांच्या नावावर लसाविचे एक उदाहरण चिकटवणे म्हणजे त्यांचा गौरव नव्हे.

त्या निबंधातला अशा संख्यांचा तक्ता ६७,४६,३२,८३,८८,८०० या संख्येपर्यंत जातो. तिचे विभाजक १०,०८०. त्यात एकच संख्या सुटली आहे: २,९३,३१,८६,२५,६००. तिला २३ ने गुणा, तक्त्यातली ती शेवटची संख्या मिळेल.