सोनं नियंत्रण कायद्याबद्दल फिरणारा मेसेज, त्याचा खुलासा

सराफांच्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की "१९६९ ला सुप्रीम कोर्टाने गोल्ड कंट्रोल कायदाच रद्द केला, कारण धंदा हा मूलभूत हक्क आहे आणि सरकार त्यावर बंधन घालू शकत नाही." हे असं नाहीये.

केस खरी आहे, हरकचंद रतनचंद बांठिया विरुद्ध भारत सरकार. पण कोर्टाने सोन्याच्या धंद्यावर बंधनं घालणारा १९६८ चा हा कायदा ठेवला, त्यातली काही कलमं तेवढी काढली. राज्यघटनेच्या कलम १९(१)(g) मध्ये धंद्याचा हक्क आहेच, पण लगेच १९(६) सांगतं की लोकहितासाठी वाजवी बंधन चालतं. आता वाजवी म्हणजे काय, खरा मुद्दा तोच होता. लायसन द्यायचं की नाही हे "भागातली अपेक्षित मागणी", "अर्जदाराची योग्यता" असल्या मोघम शब्दांवर ठरणार असेल तर बिचारा सोनार कुठल्या आधारावर दाद मागणार हो? म्हणून ती कलमं काढली.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते १९६८ च्या कायद्यातलं कलम ५(२)(b), तेही कोर्टाने काढलं. त्यात सोन्याच्या व्यवहाराचे नियम करायची जवळपास मोकळी सत्ता एका अधिकाऱ्याला दिली होती, कोर्ट म्हणालं हे तर कायदा करण्याचंच काम झालं, संसदेने ते असं दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. तपशील ठरवायला देता येतात, धोरण नाही.

बाकी दागिने १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचे करायचे नाहीत ही अट १९६३ च्या नियमांतली, ती या निकालाने गेली नाही. आणि कायदा गेला तो १९९० मध्ये, संसदेनेच काढला. मेसेज पुढे पाठवला असेल तर प्लीज हेही पाठवा.