हॉकीच्या मॅडमना दरवर्षी नवी ऑर्डर का लागावी?

आमच्या कॉलेजच्या हॉकी कोच मॅडमची यंदाची नेमणुकीची ऑर्डर अजून निघालेली नाही. प्रवेश होऊन गेले, नव्या मुली मैदानावर यायला लागल्या आणि मॅडम नेहमीसारख्या पहाटे शिट्टी घेऊन हजर असतात. पगाराचा पत्ता नाही. मी त्यांच्याच हाताखाली खेळले. आज खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून मिळालेली सरकारी नोकरी करते, म्हणून हे मीच लिहायला हवं.

मॅडम मूळच्या सेंटर हाफ, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडू. लाकडी स्टिक, मुरमाचं मैदान आणि ऑफसाइडचा नियम, या काळात त्या घडल्या. पुढे महाराष्ट्राच्या संघातून खेळायला लागल्यावर पिंपरीच्या नेहरूनगरला पॉलिग्रासवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या टर्फवर उतरल्या. त्या दिवसाबद्दल त्या आजही तळमळीने सांगतात. मुरमावर चेंडू उसळतो, अडतो, दिशा बदलतो, त्यामुळे खेळाडू अंदाज घेत जरा ताठ उभा राहतो. टर्फवर चेंडू सरळ आणि सुसाट येतो, तिथे स्टिक आधीच जमिनीलगत लागते. म्हणजे अंगात मुरलेली सवय मोडून नवी लावायची. हे १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये, पहिल्यांदा कृत्रिम मैदान आलं तेव्हा, भारताच्या संघालाही जड गेलं होतं. मॅडमनी ते भर उमेदीत केलं. मग पतियाळाच्या एनआयएसमधून, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून, कोचिंगचा डिप्लोमा घेतला आणि कोल्हापूरला परतल्या. रेल्वेत नोकरीला जाता आलं असतं. गेल्या नाहीत, कारण इथल्या मुलींना हॉकी शिकवायला दुसरं कोणी नव्हतं.

बाहेरच्यांना एक गोष्ट सहसा कळत नाही. कॉलेजच्या कोचकडे तयार खेळाडू येत नाही. भुदरगड, शाहूवाडी, राधानगरीकडून येणाऱ्या मुलीने बारावीपर्यंत हॉकी स्टिक हातात धरलेली नसते. पदवीची तीनच वर्षं हातात. त्यात पहिलं वर्ष ओळखीत जातं, तिसऱ्या वर्षी घरात लग्नाचं बोलणं सुरू होतं. एवढ्या वेळात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उभा राहील असा संघ करायचा.

मॅडम त्या मुलीने आधी काय केलंय ते बघतात. खो-खो खेळलेली मुलगी दिसली की त्यांचे डोळे चमकतात. पाटीवर बसून बसून तिच्या गुडघ्यांत वाकायची ताकद आलेली असते, झटक्यात उठून दिशा पकडायचं वळण असतं. अशी मुलगी डिफेन्सला जाते. कबड्डीवालीला समोरच्याच्या पायांवरून तो कुठे वळणार हे कळतं, तिला टॅकल, म्हणजे समोरच्याकडून चेंडू काढून घेणं, शिकवायला वेळ लागत नाही. "कमरंत वाकू नको गं, गुडघ्यात वाक," हे वाक्य कोल्हापुरातल्या किती मुलींच्या कानात बसलं असेल! एका मुलीला पेनल्टी कॉर्नरला पहिली धाव घ्यायची भीती वाटायची. चार डिफेंडर आणि गोलकीपर गोलरेषेमागे, चेंडू आत आला की समोरच्या फटक्यावर सरळ धावून जायचं. मॅडमनी स्वतः मास्क लावला आणि तिच्यासमोर धावून दाखवलं, पुन्हा पुन्हा. "मॅडम, आता मी पळतो," असं ती स्वतःहून म्हणेपर्यंत. पुढे ती मुलगी विद्यापीठाकडून खेळली.

खेळही सारखा बदलत गेला. ऑफसाइड गेलं, २००९ ला फ्री हिट स्वतःच पुढे नेण्याची मुभा आली, नंतर मोठ्या स्पर्धांत ३५ मिनिटांच्या दोन सत्रांऐवजी १५ मिनिटांचे चार क्वार्टर आले. दर वेळी मॅडमनी नियम वाचून काढले, सरावाची पद्धत बदलली. हा अभ्यास करायला त्यांना कुणी पगारी रजा दिली नाही.

आता कुणी म्हणेल, कोल्हापुरात खेळाची कदर नाही असं कसं? आहे की. कुस्तीला तालीम आहे, वस्ताद आहे, खासबाग आहे. फुटबॉलला पेठ आहे, शाहू स्टेडियम आहे, आपला संघ हरला तर जेवण न जाणारी माणसं आहेत. मला त्याचा अभिमानच आहे. पण हॉकीला, त्यातून मुलींच्या हॉकीला, ना तालीम ना पेठ. मेजर ध्यानचंद यांच्या नावाचं स्टेडियम शहरात आहे, पण स्टेडियम शिकवत नाही. गावाकडच्या मुलीसाठी कॉलेज हीच तालीम आणि मॅडम हाच वस्ताद.

आणि कॉलेजात पद कोणतं आहे? फिजिकल डायरेक्टरचं, एकच. त्या सरांनी बुद्धिबळापासून वेटलिफ्टिंगपर्यंत सगळे संघ पाठवायचे, वर जिमखान्याचे कागद सांभाळायचे. त्यांच्यावर माझा राग नाही. पण पेनल्टी कॉर्नर कसा अडवायचा हे त्यांनी कुठून शिकवावं? मग खेळाचा कोच मानधनावर आणतात, हंगाम संपला की विसरतात.

टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या मुली चौथ्या आल्या, ब्राँझ ३-४ असं हुकलं, तेव्हा सगळ्यांचे स्टेटस भरून गेले होते. फलटण तालुक्यातल्या वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ भारताच्या संघात पोहोचल्या, तेव्हाही आपण टाळ्या वाजवल्या. अशा मुली गावागावांत आहेत यावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्यांच्या हातात पहिली स्टिक देणारं माणूस दर जूनमध्ये ऑफिसबाहेर बाकड्यावर बसलेलं असतं, याचा मला मनापासून संताप येतो.

"मग ट्रॉफ्या किती आणल्या?" हा प्रश्न कॉलेजच्या मीटिंगमध्ये विचारला गेला म्हणे. ट्रॉफी एखाद्या वर्षी येते, एखाद्या वर्षी नाही. त्यांच्याकडे खेळलेल्या मुली आज पोलिसात आहेत, शाळांत शिकवतात, दोघीतिघी स्वतः कोच आहेत. हे मोजायचं की नाही?

आम्ही माजी खेळाडू येत्या शनिवारी प्राचार्यांना निवेदन देतोय. मागण्या साध्या आहेत. मॅडमना किमान तीन वर्षांची सलग ऑर्डर, सुट्टीच्या महिन्यांचंही मानधन आणि गोलकीपरचं किट जिमखान्याच्या निधीतून. सकाळी साडेदहाला ऑफिससमोर जमू. विद्यापीठाकडून खेळल्याचं प्रमाणपत्र असेल तर झेरॉक्स घेऊन या, निवेदनाला जोडायची आहे. ज्यांना जमणार नाही त्यांनी नाव, बॅच आणि संघात कुठल्या जागी खेळायचात ते मला मेसेज करा.