‘परत जाऊ नका, नाव आपोआप कटतं’ हा मेसेज पोरांना खड्ड्यात घालतोय

गेल्या रविवारी धाकट्या बहिणीचा फोन आला. भाचा अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी फौजेत भरती झालेला. सात महिन्यांचं ट्रेनिंग संपवून, कसम परेड (शपथविधीची परेड) करून सुट्टीवर आलेला. सुट्टी संपायला तीन दिवस उरलेले. ती म्हणाली, “दादा, हा परत जात नाही म्हणतोय. आणि कायद्यातच तसं आहे म्हणतोय.” कायद्यात कसं आहे, विचारलं तर तिने एक मेसेज पाठवला. भरतीची तयारी करून घेणाऱ्या एका अकॅडमीच्या ग्रुपवरून तो आला होता, आणि वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ हा शिक्का होताच.

मेसेजचं नाव ‘अग्निवीरांनो, मन बदललं? घाबरू नका’. त्यात सहा गोष्टी आहेत. अग्निवीर हा कंत्राटी, त्याला आर्मी ॲक्ट लागत नाही. पहिल्या तीन महिन्यांत केव्हाही सोडता येतं. नंतर सोडायचं असेल तर सुट्टीवर या आणि परत जाऊ नका, ३० दिवसांनी नाव आपोआप कटतं, तुम्ही मोकळे. फार तर गावच्या डॉक्टरकडून डिप्रेशनचं सर्टिफिकेट घ्या. सेवा निधीचे, म्हणजे पगारातून दरमहा कटून साठणारे पैसे पूर्ण मिळतात. आणि तसंही चार वर्षांनी घरीच पाठवणार आहेत, मग आत्ताच का नको?

मी फौजेत क्लार्क होतो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. १७ वर्षं असलीच कागदपत्रं हातातून गेली. मेसेज वाचला आणि तसाच कऱ्हाडहून मोटारसायकल काढली.

पहिला मुद्दा एका दमात संपतो. अग्निवीराची भरती आर्मी ॲक्ट, १९५० खालीच होते. २०२२ च्या जूनमध्ये योजना आली तेव्हा आर्मीने अटींचं पत्रक काढलं, त्यात चार वर्षांसाठी याच कायद्याखाली भरती असं स्वच्छ लिहिलंय. जमीन, समुद्र, हवा, जिथे हुकूम होईल तिथे जावं लागेल हेही त्यातच आहे. मुलगा अठराच्या आतला असेल तर भरतीच्या फॉर्मवर आईबापाची सही लागते. माझ्या बहिणीने ती केलीय. तिला विचारलं, काय वाचलंस? “सगळ्या बाया करत होत्या, मीपण केली.” ही चूक तिच्या एकटीची नाही, हे मला कळतं. पण भरतीच्या वेळी अधिकाऱ्याने अटी वाचून, समजावून सांगायच्या असं कायद्याच्या कलम १३ मध्ये आहे आणि त्यावर पोराचीही सही आहे. ‘कंत्राटी’ हा शब्द त्या कागदांत कुठेच नाही.

आता ३० दिवसांचं. या एका मुद्द्यासाठी मी हे लिहायला बसलोय.

मेसेज लिहिणाऱ्याने ३० हा आकडा हवेतून काढलेला नाही. तो आर्मी ॲक्टच्याच कलम १०६ मध्ये आहे. जवान परवानगीशिवाय ३० दिवस गैरहजर राहिला की युनिटमध्ये कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी बसते. शपथेवर साक्षी होतात, त्याच्याकडचं सरकारी सामान काय कमी आहे ते तपासलं जातं, तो अमुक तारखेपासून गैरहजर आहे असं जाहीर होतं आणि पुस्तकात नोंद होते. त्यानंतर तो स्वतः हजर झाला नाही किंवा पकडला गेला नाही, तर कायदा त्याला डेझर्टर, म्हणजे भगोडा धरतो. म्हणजे ज्या दिवशी पोरगं मोकळं होतं असं मेसेज सांगतो, त्याच दिवसापासून त्याला भगोडा ठरवण्याचं काम सुरू होतं.

‘नाव कटतं’ हेही कुठून आलं ते मला ठाऊक आहे, कारण तसले पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानांच्या नोंदींचे युनिटचे हुकूम, मीच टाइप केलेत. डेझर्टर झालेल्याला युनिटच्या संख्येतून वजा करतात, ‘स्ट्रक ऑफ स्ट्रेंथ’ म्हणतात त्याला. जागा रिकामी दाखवल्याशिवाय बदली माणूस मागता येत नाही, म्हणून ते करायचं. बराकीत पोरं त्यालाच ‘नाम कट गया’ म्हणतात. युनिटच्या पटावरून नाव गेलं तरी माणूस कायद्यातून सुटत नाही. कलम २ मध्येच लिहिलंय की रीतसर डिस्चार्ज, रिलीज, रिटायर, रिमूव्ह किंवा डिसमिस होईपर्यंत तो या कायद्याखालीच राहतो. आणि सुटलेल्या प्रत्येकाला कलम २३ प्रमाणे सर्टिफिकेट द्यावंच लागतं, त्याच्या मातृभाषेत आणि इंग्रजीत. कुणी सोडलं, का सोडलं, सेवा किती झाली, सगळं त्यात असतं. भाच्याला मी एवढंच विचारलं, तो मराठीतला कागद तुला कोण आणून देणार? ग्रुपचा ॲडमिन?

बरं, गैरहजेरीनंतर आमच्या टेबलावरून दुसरा कागद निघायचा, ॲप्रिहेन्शन रोल. नाव, नंबर, उंची, अंगावरच्या खुणा, घरचा पत्ता. तो जातो जिल्ह्याच्या पोलिसांकडे. कलम १०५ म्हणतं की अशा माणसाला मॅजिस्ट्रेटचं वॉरंट निघाल्यासारखं धरायचं. याच पोरांना पुढे पोलिस भरतीला उभं राहायचं असतं, मेसेजच्या शेवटच्या ओळीतही ‘पोलिस भरतीचा मार्ग मोकळा’ असं आहे. चारित्र्य पडताळणी कोण करणार? ज्यांच्याकडे तो रोल पडलाय, तेच ठाणं.

शिक्षा? साध्या गैरहजेरीला कलम ३९ खाली ३ वर्षांपर्यंत कैद. डेझर्शनला कलम ३८ खाली ७ वर्षांपर्यंत. ॲक्टिव्ह सर्व्हिसवर असताना, किंवा तसा हुकूम हातात असताना केलं, तर तरतूद मृत्युदंडापर्यंत आहे. आणि ॲक्टिव्ह सर्व्हिस म्हणजे लढाई पुकारल्यावरच असं नाही, केंद्र सरकार नोटिफिकेशन काढूनही ठरवू शकतं. प्रत्यक्षात किती शिक्षा होते ते प्रकरणागणिक बदलतं. मी पोरांना फाशीची भीती घालत नाहीये. पण ‘काही होत नाही’ हे निखालस खोटं आहे. काही वर्षं लपून काढली की विषय संपतो, हेही खोटं. इतर बहुतेक गुन्ह्यांना कोर्ट मार्शलसाठी ३ वर्षांची मुदत आहे, डेझर्शनला ती नाही. कलम १२२ वाचा.

ज्याचा मला सगळ्यात जास्त राग आला ते वेगळंच आहे. मेसेजमध्ये आईवडिलांना सांगितलंय की ‘मुलाला काही दिवस नातेवाइकांकडे ठेवा’. भगोड्याला जाणूनबुजून आसरा देणं हा मुलकी कायद्यातला गुन्हा आहे. आधी तो भारतीय दंड संहितेत १३६ नंबरला होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १६४ आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. या कलमात एकच सूट आहे, ती जोडीदाराला. आईला नाही. मामालाही नाही. आणि जवानाला पळून जायला चिथावणं हा त्याच्या आधीच्या, १६३ व्या कलमातला गुन्हा. ज्या माउलीने न वाचता फॉर्मवर सही केली, तिलाच हा मेसेज आरोपी करायला निघालाय. हे बहिणीला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढेच खाली बसली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

डॉक्टरच्या सर्टिफिकेटचंही असंच. आजाराचं सोंग करणं हा कलम ४६ खाली गुन्हा आहे, ७ वर्षांपर्यंत. पण एखाद्या पोराला खरंच झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ते सोंग नाही आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. सुट्टीवर असतानाच जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलात जायचं, तिथून युनिटला कळवलं जातं. गावच्या कागदावर घरी बसून राहायचं नाही.

तीन महिन्यांच्या मुद्द्यात थोडं खरं आहे, तेवढं मानतो. कलम १५ मध्ये तीन महिने आहेत. पण तिथे म्हटलंय ते असं की तीन महिने पगार घेतल्यावर भरतीतली चूक दाखवून किंवा इतर कोणत्याही कारणावरून डिस्चार्ज हक्काने मागता येत नाही. त्याआधी मागितला की मिळतोच, असं ते म्हणत नाही. शपथ घेण्याआधी रंगरुटाने तोंड उघडलेलं बरं, एवढाच त्यातून घेण्यासारखा अर्थ. भाच्याची ती वेळ गेलेली.

पैशांचा हिशेब सोपा आहे. पहिल्या वर्षी महिन्याला ३०,००० चं पॅकेज, त्यातले ९,००० सेवा निधीत कटतात, हातात २१,०००. चार वर्षांत पोराचे सुमारे ५.०२ लाख आणि सरकारचे तेवढेच मिळून १०.०४ लाख, वर व्याज. स्वतःच्या मागणीवरून मध्येच सुटणाऱ्याला फक्त त्याचे स्वतःचे साठलेले पैसे व्याजासकट मिळतात, सरकारचा हिस्सा मिळत नाही. सात महिन्यांचे होतात ६३,०००. आणि हे रीतसर सुटणाऱ्याचं झालं, पळालेल्याचं नव्हे.

राहिलं ते ‘चार वर्षांनी घरीच पाठवणार’. यावर मला भाच्याशी भांडता आलं नाही. जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम करतात, बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. हे सगळं त्याच पत्रकात आहे. सोप्यात त्याची काळी ट्रंक होती, पांढऱ्या रंगाने नंबर आणि नाव घातलेली, आल्यापासून उघडलेली नव्हती. तिच्यावर बसून तो म्हणाला, “मामा, पंचविसाव्या वर्षाच्या आत परत इथंच यायचं, तर आत्ता आलेलं काय वाईट? माझ्या बरोबरीची पोरं तेवढ्यात डिप्लोमा करून बसतील.” दोन वर्षं पहाटे चारला उठून त्याने सोळाशे मीटर मारलेत, साडेपाच मिनिटांच्या आत यायला रडलाय. तो भित्रा नाही. त्याचं मन बदललंय, आणि अठराव्या वर्षी ते बदलू शकतं. त्याला नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही.

पण त्यासाठी दार एकच आहे, आणि तेही अरुंद. अग्निवीराला स्वतःच्या मागणीवरून सोडत नाहीत, अगदी अपवादात्मक प्रकरणात सक्षम अधिकारी मंजुरी देऊ शकतात, असं नियम सांगतो. म्हणजे हजर व्हायचं, आपल्या प्लाटूनच्या जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) साहेबांना सांगायचं, कंपनी कमांडरचा इंटरव्ह्यू मागायचा आणि लेखी अर्ज द्यायचा. घरची अडचण असेल तर तिचे कागद जोडायचे: सातबारा, वडिलांचे दवाखान्याचे रिपोर्ट, जे असेल ते. अर्ज नामंजूर होऊ शकतो. बऱ्याचदा होईल. तरी अर्ज देणारा भगोडा ठरत नाही.

ज्यांनी हा मेसेज वाचून सुट्टी आधीच ओलांडलीय, त्यांनी आजच निघा. तीस दिवस पुरे व्हायची वाट बघू नका. युनिट लांब असेल तर जवळच्या कुठल्याही मिलिटरी युनिटमध्ये किंवा सेंटरला हजर व्हा आणि हजर झाल्याची तारीख-वेळ लिहिलेला कागद मागून घ्या. स्वतः आलेला आणि पोलिसांनी धरून आणलेला, या दोघांचे कागद वेगळे बनतात आणि पुढे बरंच त्यावरून ठरतं. आजारपणाने किंवा घरातल्या मयतीने थांबावं लागलं असेल तर सुट्टी संपण्याआधी युनिटला फोन करा, वाढवून मागा, कुणाशी किती वाजता बोललात ते लिहून ठेवा.

भाच्याने रात्री ट्रंक उघडली. बूट काढले, पॉलिश केली. अर्जाचा मसुदा आम्ही दोघांनी मिळून लिहिला, हिंदीत, दीड पान. मंगळवारी साताऱ्याहून त्याला गाडीत बसवलं. सुट्टीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात दिला आणि त्यावरची तारीख त्याच्याकडून दोनदा वाचून घेतली.