स्टाइल आपली, माप सुताराचं

नव्या टू बीएचकेची किल्ली हातात पडली की आधी शेजारच्या तीन फ्लॅटांत चहाला जाऊन या. तिन्ही हॉलमध्ये टीव्हीमागे उभ्या पट्ट्यांचं तपकिरी पॅनेल दिसेल. तुम्हीही तेच लावा, फक्त एक छटा गडद. झालं व्यक्तिमत्त्व. पट्ट्यांमधल्या खाचांत फडकं शिरत नाही, त्यामुळे जुने टूथब्रश आतापासून फेकू नका.

मग छताकडे वळा. स्लॅब साडेनऊ फुटांवर असला तर सीलिंग सहा इंच तरी खाली आणाच, नाहीतर लाइटची पट्टी लपवणार कुठे? पंखा मात्र स्लॅबच्या हुकालाच लटकतो, म्हणजे आता दांडी लांब हवी. लांब दांडी फोटोत बरी दिसत नाही, तेव्हा जुनीच ठेवा. पाती आणि सीलिंग यांत फूटभर जागा नसली की पंख्याला वरून ओढायला हवाच मिळत नाही. तो गरगरतो, घाम तसाच राहतो. मग एसी घ्या, आणि त्याचा पाण्याचा पाइप सीलिंग बंद झाल्यावर आठवू द्या. उतार न देता टाकलेला पाइप मेपर्यंत सीलिंगवर पिवळा नकाशा काढून देतो. अशी नक्षी शेजाऱ्यांकडे नसेल. एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे लाइटला वीज पुरवणारा डबाही झडप न ठेवता सीलिंगच्या आत कोंडा. तो जळाला की सीलिंगचं जिप्सम कापायचं निमित्त मिळेल.

प्लायबद्दल काही विचारायचं नाही. ‘साहेब, वॉटरप्रूफ आहे’ एवढं पुरे. शीटवर भारतीय मानकाचा आयएस ३०३ एमआर असा शिक्का असेल तर तो प्लाय हवेतल्या दमटपणापुरताच. पाण्याला टिकणाऱ्या आयएस ७१० वाल्याचा नमुना ७२ तास उकळून तपासतात. पण शिक्के वाचत बसणं मोठ्या मनाच्या माणसाला शोभत नाही. एमआर सिंकखाली लावा. दर्शनी काठाला दोन मिलिमीटरची एज बँड, म्हणजे काठ झाकणारी फीत, झकास मारून घ्या. मागचा काठ आणि पाइपसाठी पाडलेलं भोक उघडं राहिलं तरी चालेल, तिथे कोण बघतंय? पाणी बघतं. पहिल्या पावसाळ्यातच खालचा कोपरा फुगतो आणि लॅमिनेट घडीच्या पोळीच्या पापुद्र्यासारखं सुटतं. तिथे नख घालायचा मोह मात्र आवरा, सबंध पट्टी हातात येते.

ओट्याची उंची कॅटलॉगमधून उचला. स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपराखाली चार-सहा इंच ओटा असावा, हे मापटेप घेऊन ठरवायला गेलात तर सुताराचा अपमान होईल. भिंतीवर उघडी फळी हवीच, गॅसच्या अगदी बाजूला. फोडणीच्या तेलाचा थर त्यावरच्या देखण्या बरण्यांवर इतका चिकट बसतो की बरणी उचलली तर फळीही सोबत यायला बघते.

कपाट २४ इंच खोल करायला सांगतील. ऐकू नका. १८ करा, खोली मोठी दिसते. हँगरच १७-१८ इंचांचा असतो आणि पाठीचा प्लाय, दाराची जाडी कपाटाच्या खोलीतूनच जाते, म्हणून शर्ट तिरके टांगावे लागतात. सरकती दारं असतील तर आणखी मजा: दोन रुळांनाच तीनेक इंच जातात.

सोफा पांढराशुभ्र घ्या आणि आल्या दिवशी त्यावर जुनी चादर घाला. तो लिफ्टमध्ये मावेल का, हे खाली टेम्पो उभा राहिल्यावर मोजावं.

आणि हायड्रॉलिक पलंग, अर्थातच. त्याची फळी उचलून धरणारे गॅस पंप नुसत्या प्लायच्या वजनावर ठरवा. आठ इंची गादी नंतर येऊ दे. फळी वर उचलली की अर्ध्यात थबकते आणि हळूहळू परत खाली येते. हॉलमध्ये ज्याला जागा नव्हती ते सगळं याच्या पोटात गेलेलं असतं: पाट, पितळी परात, पाहुण्यांच्या गाद्या. दिवाळीला आकाशकंदील हवा असेल तर दोघांनी फळी धरायची, तिसऱ्याने कमरेपर्यंत आत वाकायचं, आणि चौथ्याने बाहेरून विचारत राहायचं, ‘सापडला का? डाव्या कोपऱ्यात बघ, परातीखाली!’