‘चिनी आयांना मुलांची माया नसते’ हे खरं नाही

सध्या एक मेसेज फिरतोय: चिनी आई मुलाला जवळ घेत नाही, ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणत नाही, नुसता अभ्यासाचा धाक दाखवते; म्हणजे तिला मायाच नाही. हे साफ चूक आहे, आणि वाचून वाईट वाटलं.

मानसशास्त्रज्ञ रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या ५० स्थलांतरित चिनी आणि ५० युरोपीय वंशाच्या आयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी ‘ग्वान’ या चिनी शब्दाकडे लक्ष वेधलं. या शब्दात शिस्त, धाक आहे. आणि काळजी घेणं, जीव लावणंही त्यातच येतं. अभ्यासाला बसलेल्या मुलापुढे सोललेल्या फळाच्या फोडींची बशी ठेवून आई न बोलता निघून जाते. मुलाला ते कळतं. आपल्याकडचं ‘जेवलास का?’ याच जातीचं.

पण याचा आधार घेऊन मारझोड खपवू नका. पालकांची माया आणि तिचा अभाव यांवर संशोधन करणाऱ्या रोनाल्ड रोनर यांचं अनेक देशांतलं काम सांगतं, की माया दाखवायच्या रीती कितीही वेगळ्या असोत, आपण नकोसे आहोत असं वाटणारं मूल कुठेही खचतंच. त्यांच्या संशोधनातल्या प्रश्नावल्याही पालकांसाठी वेगळ्या आहेत आणि मुलांसाठी वेगळ्या, म्हणजे मुलाला काय वाटतं हेही त्यालाच विचारलं जातं.