नाथसागराच्या काठाला जंगल करू नका

पैठणच्या नाथसागराबद्दल, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाबद्दल, एक मजकूर सध्या मोबाइलवर फिरतोय. गोषवारा असा: इथे पूर्वी घनदाट जंगल होते, ते जायकवाडी धरणात बुडाले, १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य झाल्यावर काठावरचे सगळे हक्क संपले, तरी लोक घुसखोरी करून शेती करतात, म्हणून शेती हटवा, गाळ उपसा, काठाने झाडे लावा, पक्षी दुप्पट होतील. लिहिणाऱ्याची तळमळ खरी असेल. पण यातले काही उपाय अमलात आले, तर फटका पक्ष्यांनाच बसेल.

‘पूर्वी घनदाट जंगल होते.’ नव्हते. बुडाली ती गोदाकाठची काळी जमीन आणि शंभरहून अधिक गावे. ज्वारी, बाजरी, कापूस ही इथली पिके. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबूज-काकडीच्या वाड्या. जलाशयाच्या वरच्या अंगाला प्रवरा गोदावरीला मिळते. त्या प्रवरेकाठी नेवासा आणि दायमाबादला झालेल्या उत्खननांत तीन हजार वर्षांहून जुन्या शेतकरी वस्त्या सापडल्या आहेत. इतक्या जुन्या वहितीच्या पट्ट्यात, १९७६ मध्ये धरणाचे लोकार्पण होईपर्यंत घनदाट जंगल कुठून टिकणार?

पक्षी आले तेही या सपाट शेतांमुळेच. जलाशय सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरलेला, पूर्ण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर. भागाकार केला तर सरासरी खोली सव्वाआठ मीटरच्या आसपास येते. एवढ्या अवाढव्य पाण्याला ही खोली फारच कमी. काठाचा उतार दोनशेला एक धरला, तर पाणी एक मीटर उतरताच दोनशे मीटर रुंद चिखल उघडा पडतो. शेकाट्या, तुतारी, कंठेरी चिलखा या पक्ष्यांचे खाणे याच चिखलात आणि बोटभर ते वीतभर पाण्यात. थापट्या आणि भुवई बदकांना त्याहून थोडे जास्त पाणी चालते. रोहितही (फ्लेमिंगो) उथळ पाण्यातच चोच उलटी धरून चरतात.

‘सगळे हक्क संपले.’ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांत फरक आहे. अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकांशी विचारविनिमय करून जिल्हाधिकारी काही हक्क पुढे चालू ठेवू शकतात. बुडीत जमीन संपादित झालेली, म्हणजे मालकी सरकारची. पण गाळपेरीला, म्हणजे पाणी ओसरलेल्या जमिनीवरच्या पेरणीला, एका हंगामापुरता भाडेपट्टा देण्याची आणि त्यात धरणग्रस्तांना अग्रक्रम देण्याची पद्धत आहे. पट्टाधारक आणि विनापरवाना नांगर घालणारा यांना एकाच मापाने मोजणे चूक आहे, आणि ज्यांची घरेदारे या पाण्याखाली गेली त्यांच्यावर तर तो अन्यायच.

‘शेती हटवा.’ कोणती शेती? पाणी ओसरल्यावर नुसत्या ओलीवर पेरलेल्या हरभऱ्याला किंवा करडईला मोटार लागत नाही. त्याचे कोवळे शेंडे पट्टकादंब खातात, सांडलेल्या दाण्यावर करकोचे उतरतात. नुकसान करते ती दुसऱ्या तऱ्हेची शेती. थेट पाण्याला भिडून नांगरट केली की अळ्या-किडे असलेला चिखल उलथतो आणि सुटी माती पुढच्या पावसात जलाशयात जाते. तणनाशक-कीटकनाशक मारलेली जमीन पावसाळ्यात पाण्याखाली येते. मोटारी लावल्या की रात्रभर माणसांचा वावर सुरू होतो. म्हणून नियम असे हवेत: फवारणी नाही, मोटार नाही, नांगराऐवजी तिफणीने पेरा, आणि पाण्यालगतचा किमान पन्नास मीटर पट्टा मोकळा. पाणी सरकते तसा हा पट्टाही सरकतो, तेव्हा दर पंधरा दिवसांनी हद्दीच्या खुंट्या हलवाव्या लागतील. ते काम कागदावर होत नाही.

‘गाळ उपसा.’ धरणातला गाळ मुरमाड रानाला चांगला, शेतकऱ्याने तो न्यावाच. पण पोकलेनने काठ सरळ खाली कापला की उभ्या कडेचा खड्डा होतो. तिथे शेकाट्याला उभे राहता येत नाही आणि पाणी प्यायला आलेले जनावर फसते. खड्ड्याची कड निदान दहाला एक अशा उताराने सोडायला हवी. दुसरी अडचण वेळेची. नदी सुरय साधारण फेब्रुवारी ते मे या काळात उघड्या वाळूवर खळगा करून दोन-तीन अंडी घालतो आणि गाळउपसा चालतो तोही उन्हाळ्यातच. अंडी वाळूच्या रंगाची, ठिपकेदार; यंत्रावर बसलेल्याला ती दिसणे शक्यच नाही. आधी पायी फिरून खुणा कराव्यात, मगच यंत्र उतरवावे.

‘काठाने झाडे लावा.’ ही सूचना सगळ्यात घातक. चिखलावर चरणाऱ्या पक्ष्याला दूरवर दिसायला हवे. काठावर झाड उभे राहिले की त्यावर शिकारी पक्षी आणि कावळे बसतात. कावळा अंडी सोडत नाही. झाडे लावायची तर धरण पूर्ण भरल्यावरच्या, समुद्रसपाटीपासून १५२२ फूट या पाणीपातळीच्या वर, गायरानात, बांधावर: देशी बाभूळ, करंज, जांभूळ. खाली लावलेली बहुतेक रोपे पहिल्याच भरल्या वर्षी कुजतात, आणि वेडी बाभूळ आयती जागा धरते. काठाला खरी गरज आहे ती बेशरम ही माजलेली वनस्पती काढण्याची. ती पावसाआधी मुळासकट उपटून, उंचावर नेऊन वाळवावी. पाण्यात राहिलेला तुकडाही पुन्हा रुजू शकतो.

राहिला ‘दुप्पट’चा दावा. पाणी कमी असलेल्या वर्षी पक्षी थोड्या जागेत दाटतात, भरल्या वर्षी पांगतात. मोजणीच्या दिवशीची पाणीपातळी नोंदलेली नसेल, तर दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत.