शंकेची नोंद म्हणजे शिक्षा नव्हे

नमस्कार. संशयास्पद शोधनिबंधावर जर्नलने, म्हणजे तो छापणाऱ्या नियतकालिकाने, चौकशी चालू असतानाच शंकेची जाहीर नोंद करावी, असं मी लेखात म्हटलं होतं. जर्नल म्हणजे न्यायालय नाही, चौकशी पूर्ण होण्याआधी शोधनिबंधावर शंका नोंदवली तर निर्दोष संशोधकही आयुष्यातून उठतो, हा तुमचा आक्षेप. पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. संपादकांच्या हाती रुग्णांच्या मूळ नोंदी नसतात. ते लेखकांकडे खुलासा मागतात, तो पटला नाही तर लेखकांच्या संस्थेला चौकशी करायला सांगतात. संस्थेला चौकशी करायची असते स्वतःच्याच माणसाची, त्यामुळे तिथे वर्षं जातात.

माझं म्हणणं या मधल्या वर्षांबद्दल आहे. गोवराच्या एमएमआर लशीचा स्वमग्नतेशी (ऑटिझम) संबंध सुचवणारा, ब्रिटिश डॉक्टर वेकफिल्ड यांचा १२ मुलांवरचा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमध्ये फेब्रुवारी १९९८ मध्ये आला. २००४ मध्ये १० सहलेखकांनी त्यातल्या निष्कर्षातून अंग काढून घेतलं, तरी निबंध मागे घेतला गेला तो फेब्रुवारी २०१० मध्ये. तोवर किती आईवडिलांनी मुलांना गोवराची लस दिली नसेल, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

जर्मन भूलतज्ज्ञ योआखिम बोल्ट यांचं प्रकरण कमी लोकांना माहीत आहे. गंभीर रुग्णांना शिरेतून देतात त्या स्टार्चच्या द्रावणावर त्यांनी भरपूर लिहिलं. २००९ च्या एका निबंधातले आकडे वाचकांना संशयास्पद वाटले, आणि तिथून त्यांचे संशोधनातले गैरप्रकार उलगडत गेले. २०१३ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय जर्नलमध्ये अनेक चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं. त्यात त्यांच्या ७ चाचण्या वगळल्या, तेव्हा या द्रावणाने मृत्यू आणि किडनी निकामी होण्याचा धोका वाढतो हे स्पष्ट झालं. म्हणजे संशयास्पद निबंध नुसता पडून राहत नाही. तो इतरांच्या बेरजेत शिरतो, आणि अतिदक्षता विभागातला डॉक्टर त्या बेरजेवर विसंबून औषध निवडतो.

म्हणून शंकेची जाहीर नोंद, म्हणजे ‘एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न’, हवी. तिचा अर्थ एवढाच, की प्रश्न विचारले गेलेत, सांभाळून वाचा. सर्जिस्फिअर या कंपनीने पुरवलेल्या माहितीवरचा, कोविडवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाच्या वापराबद्दलचा निबंध ‘लॅन्सेट’मध्येच २२ मे २०२० ला आला, जूनच्या सुरुवातीला अशी नोंद झाली आणि ४ जूनला तो मागे घेतला गेला. तशी विनंती तिघा लेखकांनीच केली होती, कारण मूळ माहिती त्यांनाही तपासायला मिळाली नाही. मनात आणलं तर जर्नलला वेळ लागत नाही.

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे. शंका खोटी ठरली, तर नोंद केली होती तितक्याच ठळकपणे ती काढली पाहिजे, कारणासह. मूळ लेखात हे राहून गेलं होतं. आजच जोडतो.